गुंड्याची लोकर

आमच्या घरी कुत्रा आणायचा निर्णय एकमताने झाला. ते एक मत मिथूचं, म्हणजे आमच्या आठ वर्षांच्या कन्येचं होतं. माझी बायको शुभदा विरोधात होती. माझी आई, जी त्या हिवाळ्यात पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत नेपरव्हिलला राहायला आली होती, ती तटस्थ होती. मला कुणी विचारलं नाही.

कुत्रा माझ्या ऑफिसातल्या एरिकचा. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. कंपनीने त्याची बदली ॲरिझोनाला केली आणि तिथल्या उन्हात हा थंड देशातला जीव टिकणार नाही म्हणून तो घर शोधत होता. एका रविवारी तो कुत्र्याला ‘फक्त दाखवायला’ घेऊन आला. मिथूने कुत्र्याच्या गळ्यात हात टाकले आणि कार्यक्रम तिथेच संपला. जात म्हणे नॉर्वेजियन एल्कहाउंड. रंग करडा, कान ताठ, चेहरा लांडग्याच्या सभ्य चुलतभावासारखा आणि पाठीवर चकलीसारखी वळवून ठेवलेली शेपटी. नाव गुस्ताव. आईने ते एकदा म्हणून पाहिलं, शेपटीकडे बघितलं आणि त्याचा गुंड्या केला. (तो लगेच ओ द्यायला लागला. एरिकला जरा वाईट वाटलं.)

एरिकची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि शुभदाने मला किचनमध्ये बोलावलं.

“अहो, नीट ऐका. चैत्रात माझं हळदीकुंकू आहे. मंडळाच्या सगळ्या बायका येणार. त्या दिवशी घरात याचा एक केस जरी दिसला, तरी दुसऱ्या दिवशी कुत्रा दुसऱ्या घरी. मग मिथू रडो नाहीतर तुम्ही रडा!”

तिचंही बरोबर होतं. आमच्या मंडळाच्या अध्यक्षा शॉमबर्गच्या पेंडसेकाकू. आदल्या वर्षी कुणाकडे तरी त्यांना श्रीखंडात मांजरीचा केस सापडला होता, आणि तो केस दिवाळीपर्यंत चर्चेत होता. ते श्रीखंड करणाऱ्या बाईंनी पुढे मंडळात येणंच सोडलं!

हिवाळा मात्र सुखात गेला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि गुंड्या बर्फाच्या ढिगाऱ्यावर वेटोळं करून झोपलेला. पाठीवर बर्फ साचलं तरी त्याला पत्ता नाही. आईचा जीव वरखाली व्हायचा. ती दार किलकिलं करून ओरडायची, “अरे मेल्या, न्यूमोनिया होईल! आत ये!” गुंड्या एक डोळा उघडायचा आणि मिटायचा. शेवटी आईने माझा जुना स्वेटर कापून त्याला अंगरखा शिवला. त्याने तो अंगावर घालून घेतला आणि कोपऱ्यात जाऊन शांतपणे खाल्ला.

खायचं म्हणाल तर तो सगळंच खायचा. आई त्याला तूप लावून पोळी द्यायची. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या. त्या काही त्यांना सापडल्या नाहीत. “तुम्ही याला काय घालता?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “जस्ट ब्रेड.” डॉक्टरांनी माझ्याही पोटाकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

मग बर्फ वितळलं, आणि गुंड्याही वितळायला लागला.

आधी मला वाटलं, उशी फाटली. सोफ्याखाली, जिन्यावर, माझ्या ऑफिसच्या सुटावर, जिकडेतिकडे पांढुरके पुंजके. मी घाबरून एरिकला फोन लावला. तो म्हणाला, हे होणारच. या कुत्र्याला दोन थर असतात. वर राठ करडे केस आणि आत मऊ लोकर. उन्हाळा जवळ आला की आतली लोकर सगळी गळते.

“मग न्हाव्याकडे नेऊन चकोट करून टाकू का?” मी आशेने विचारलं.

“नो, नो, नो!” एरिक फोनवर किंचाळला. केस भादरायचे नाहीत, वारंवार आंघोळ घालायची नाही; रोज न चुकता ब्रश करायचा, बस. हे त्याने फुकट कुत्रा देताना सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी, घर उठायच्या आत, मी गॅरेजमध्ये गुंड्यासमोर ब्रश घेऊन बसायला लागलो. रोज एकेक नवा कुत्रा तयार होईल एवढी लोकर निघायची, आणि जुना कुत्रा होता तेवढाच! तो मात्र खूश असायचा. डोळे मिटून, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसायचा. खरं सांगतो, मला त्याचा लळा लागला होता. तो गेला असता तर मिथूच्या आधी मीच रडलो असतो.

लोकर मी फेकून देणार होतो, पण शेजारच्या इंग्रिडबाईंनी कुंपणावरून पाहिलं. त्या मूळच्या नॉर्वेच्याच. “फेकू नका!” त्या इंग्रजीत कळवळून म्हणाल्या. “मी तिचं सूत काढते. मोजे काय सुंदर होतात! आता मी बहिणीकडे निघालेय. धुऊन, वाळवून ठेवाल का? आल्यावर घेऊन जाईन.” आता शेजारधर्म म्हणून मी हो म्हटलं. पण ठेवायची कुठे? शुभदाच्या नजरेतून घरातला टाचणीएवढा पसारा सुटत नाही. आणि ही तर उशीएवढी पिशवी!

तेव्हा मला जी कल्पना सुचली तिचा मला पुढे कित्येक दिवस अभिमान होता. घरात एकच जागा अशी होती, जिला शुभदा कधीही हात लावायची नाही: आईचं कपाट. सासूच्या कपाटात सून डोकावत नाही. आमच्या घरात ही रीत अगदी इलिनॉयमध्येसुद्धा पाळली जात होती. मी लोकर शॅम्पूने धुतली, छान पिंजली, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली आणि आईच्या कपाटात सगळ्यात खाली, पूजेच्या सामानामागे ढकलून दिली.

त्याच आठवड्यात कधीतरी आई म्हणाली होती, “विनू, वातींचा कापूस संपलाय रे. इथला दुकानातला कापूस मेला वळतच नाही. कुठे मिळाला तर बघशील?” मी पेपरातून डोकं न काढता “बघतो” म्हटलं. असं मी दिवसाला किमान दहा गोष्टींना म्हणतो.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. मी पहाटेपासून घर तीनदा व्हॅक्यूम केलं. सोफा, पडदे, मिथू, सगळ्यांवरून चिकटपट्टी फिरवली. गुंड्याला मागच्या अंगणात सोडलं. शुभदाने आरास तर अशी केली होती की बघत राहावं: झोपाळ्यात गौर, समोर कापलेलं कलिंगड, शिकागोहून पैदा केलेल्या कैऱ्यांची डाळ, भिजवलेले हरभरे. तिने भुवई वर करून सगळीकडे नजर फिरवली. वाकून सोफ्याखाली पाहिलं. मी श्वास रोखून उभा होतो.

“एकही केस नाही,” ती म्हणाली. “मानलं हं तुम्हाला!”

मिथू माझ्याकडे बघून हसली. मला अगदी धन्य झाल्यासारखं वाटलं.

बायका आल्या. मला पुरुषाच्या योग्यतेचं काम मिळालं, म्हणजे किचनमध्ये उभं राहून पन्हं गाळायचं. बाहेर पैठण्यांची सळसळ, अत्तर, हसणं. आईने समई लावली. आणि दोनच मिनिटांत पेंडसेकाकूंचा आवाज आला.

“शुभदा, केस जळल्याचा वास येतोय गं! बघा, बघा, कुणाचा शेपटा समईला लागलाय का?”

एका क्षणात घरातल्या सगळ्या बायकांनी आपापल्या वेण्या आणि अंबाडे चाचपले. कुणाचंच काही जळत नव्हतं. वास मात्र वाढतच चालला.

“अगं, तो कापसाचा असेल,” आईचा आवाज आला. “इथला कापूस जरा वेगळा आहे. रंगही गव्हाळ. पण मऊ काय सांगू, लोणी! माझ्या विनूने आणला हो. नुसतं एकदा बोलले मी, तर न सांगता कपाटात आणून ठेवला! असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.”

माझ्या हातातली गाळणी पन्ह्यात पडली.

कपाटात! गव्हाळ! मी मागच्या जिन्याने वर धावलो. आईच्या कपाटातली पिशवी अर्धी झाली होती. खाली बायका खोकायला लागल्या होत्या. आता एकच मार्ग होता: उरलेला पुरावा गायब करायचा आणि पुढे कापसाच्या नावाने बोटं मोडायची. मी पिशवी बगलेत मारली, किचनच्या दाराने अंगणात उतरलो आणि गॅरेजकडे निघालो.

समोर गुंड्या उभा राहिला. भुंकला.

“गप रे, राजा,” मी कुजबुजलो आणि डावीकडे वळलो. तो डावीकडे आला. उजवीकडे वळलो, तो उजवीकडे हजर! चावणं नाही, अंगावर येणं नाही. नुसतं समोर नाचायचं आणि आख्ख्या नेपरव्हिलला ऐकू जाईल असं भुंकायचं. मी कुंपणाला पाठ लावली. तेवढ्यात घरातला धुराचा अलार्म केकाटायला लागला आणि मागचं सरकतं दार उघडून आख्खं हळदीकुंकू अंगणात आलं. पैठण्या वर धरून, एप्रिलच्या ओल्या गवतात अनवाणी! आणि समोर मी, कुंपणाला चिकटलेला, बगलेत पिशवी.

“काय चाललंय?” शुभदाने विचारलं. “आणि पिशवीत काय आहे?”

“काही नाही गं. असंच.”

कुंपणापलीकडून इंग्रिडबाईंचं डोकं वर आलं. त्या सकाळीच बहिणीकडून परतल्या होत्या. “ओह, वंडरफुल!” त्या टाळ्या पिटत म्हणाल्या. “गुस्तावची लोकर! ठेवलीत तुम्ही माझ्यासाठी!”

सगळ्या बायका पिशवीकडे वळल्या. आत अलार्म चालूच होता.

“काय म्हणते ती?” आईने मिथूला विचारलं.

“आजी,” मिथू घाबरत म्हणाली, “दॅट्स गुंड्याज हेअर. यू मेड वाती आउट ऑफ गुंड्या.”

आईने पिशवीकडे पाहिलं, गुंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “तरीच!” ती म्हणाली. “दुधाचा हात लावला तरी वळत नव्हता मेला!” आणि मग तिचा चेहराच उतरला. “अगंबाई, पण आता गौरीला काय सांगू मी? तिच्यापुढे कुत्र्याचे केस जाळले!”

सगळ्यांनी पेंडसेकाकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर सावरला, घसा खाकरला.

“केस कसले? ती बाई काय म्हणाली? लोकर. आणि लोकर सोवळ्याला चालते. आमच्या सासूबाई लोकरीची धाबळी नेसूनच स्वयंपाक करायच्या. जा, समईत साध्या वाती घाला, आणि मला कुणीतरी ते पन्हं द्या.”

आईच्या जिवात जीव आला. माझ्या नाही. कारण शुभदा अजून माझ्याकडेच बघत होती, आणि मिथूने गुंड्याच्या मानेला मिठी मारून रडायला सुरुवात केली होती.

“याचा काही दोष नाही गं,” मी म्हटलं. “याला नको पाठवूस.”

“पण हा तुम्हाला असा अडवून का उभा आहे?” शुभदाने विचारलं.

त्याचं उत्तर इंग्रिडबाईंनी दिलं. या कुत्र्यांचं शेकडो वर्षांचं कामच ते. जंगलात मूस शोधायचा. मूस म्हणजे सांबराच्या जातीचा, पण म्हशीहून थोराड प्राणी. त्याला चावायचं नाही, पळू द्यायचं नाही. समोर नाचत, भुंकत तिथेच खिळवून ठेवायचं, शिकारी येईपर्यंत. “हा तर कधी जंगलात गेलाही नाही,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “तरी बघा, रक्तातच असतं!”

शुभदा गुंड्यापाशी गेली. कुत्रा आल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“लग्न झाल्यापासून मी बघतेय,” ती म्हणाली, “काही अंगाशी आलं की हे मागच्या दाराने पसार. आज पहिल्यांदा कुणीतरी यांना मी येईपर्यंत धरून ठेवलं. आणि मी म्हटलं होतं, केस दिसला तर. दिसला कुठे? नुसता वास आला. कुत्रा राहील.”

मिथूने डोळे पुसले. गुंड्याकडे पाहिलं, आपल्या आईकडे पाहिलं, कुंपणाला चिकटलेल्या बापाकडे पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “सो, यू आर द मूस?”

“मुळीच नाही!” असं ठणकावून सांगायला मी एक पाऊल पुढे टाकलं. गुंड्या भुंकला. मी मुकाट्याने मागे सरकलो आणि शुभदाने हात धरून घरात नेईपर्यंत तिथेच उभा राहिलो.