आपोआप गळालेलं प्रकरण

‘आपोआप झालं’ असं कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दूध आपोआप उतू जातं, उसाला तुरा आपोआप येतो, ते मला मान्य आहे. माणसांच्या कारभारात मात्र आपोआप फार थोडं होतं. हे मला आमच्या गावच्या पुस्तकाने शिकवलं.

मी बारामतीत राहते, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. गाव इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठावर. गावाने आपला इतिहास छापायचं ठरवलं आणि कमिटी नेमली. अध्यक्ष अर्थातच आबा. त्यांनी आयुष्यभर गावची विकास सोसायटी चालवली, त्यामुळे गावात काहीही निघालं की अध्यक्ष तेच. त्यांनी मला बोलावून घेतलं. “पोरी, तुला कॉम्प्युटर येतोय. समद्यांचं लिखाण गोळा कर आन् एका जागी जुळव.” मला आनंद झाला, तो लपवत नाही. आमची बौद्ध वस्ती गावाच्या कडेला आहे आणि वस्तीतल्या मुलीला गावाने पुस्तकाच्या कामाला बोलावलं, याचं मला अप्रूप वाटलं.

लेख जमले. कुणी वहीचे कागद दिले, कुणी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. मग सुरू झाला मानपान. देवळाचं प्रकरण पहिलं, यावर वाद नव्हता. दुसऱ्या नंबरावरून मात्र तालीमवाले आणि शाळावाले दर बैठकीत भांडायचे. मी सगळे नंबर हाताने टाकलेले. एक प्रकरण वर सरकवलं की पुढची सगळी बदला, त्यांच्या पोटातले तीन पॉइंट एक, तीन पॉइंट दोन हे नंबर बदला, आणि वर अनुक्रमणिका पुन्हा करा. एकदा दोन प्रकरणांना तिसराच नंबर पडला, चौथा गायब. तालमीतले एक गृहस्थ म्हणाले, “आमाला बी तीन आन् सोसायटीला बी तीन? आता काय कुस्ती लावायची का?”

मी वैतागले आणि एका रविवारी ठाण मांडून बसले. वर्डमध्ये मल्टिलेव्हल लिस्ट नावाची, पायरीपायरीने नंबर देणारी सोय आहे. पहिल्या पायरीवर नंबराच्या आधी ‘प्रकरण’ हा शब्द टाइप केला, अंक देवनागरी निवडले आणि ती पायरी ‘हेडिंग वन’ या स्टाइलला जोडली. दुसरी पायरी ‘हेडिंग टू’ला. पहिल्या खेपेला त्या शब्दाशेजारी वर्डने स्वतः ठेवलेला करड्या रंगाचा अंक मीच खोडला आणि सगळी प्रकरणं बिननंबराची झाली. चार शिव्या मी त्या खिडकीला घातल्या, चार स्वतःला. मग जमलं. आता एखाद्या शीर्षकाला हेडिंग वन दिलं की नंबर हजर. प्रकरण उचलून कुठेही ठेवा, बाकीचे नंबर आपसूक सरकणार. पुढच्या बैठकीला मी हे शाळेतल्या मोठ्या टीव्हीवर दाखवलं. सगळे खूश झाले. आबा तर दोनदा म्हणाले, “म्हंजी आपोआप होतंय की समदं!”

त्याच बैठकीत क्रम पक्का झाला. चौथं प्रकरण आमच्या वस्तीचं. ते आमच्या अण्णांनी लिहिलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीतून निवृत्त झालेले वाहक. फुलस्केप कागदावर, मागेपुढे, रेघ न सोडता त्यांनी लिहिलं. त्यांच्या आजोबांना गावाच्या सगळ्या शिवा-हद्दी पाठ होत्या. दोन बांधांचा तंटा लागला की लोक त्यांनाच साक्षीला न्यायचे. तेच आजोबा सरकारचा निरोप घेऊन उन्हातान्हात इंदापूरपर्यंत पायी जायचे आणि परत येऊन देवळाबाहेर उभे राहायचे. पुढे धर्मांतर झालं, ती कामं सुटली, विहार उभा राहिला, मुली शिकल्या. हे सगळं त्यात होतं. अण्णांनी कुणावर एक ओळ रागाची लिहिली नव्हती. मी लिहिली असती. त्यांना एवढंच हवं होतं, की गावाच्या पुस्तकात आपण गावात असावं. भेटेल त्याला सांगायचे, “आपलं चौथं हाय बरं का.”

फाइल बारामतीतल्या डीटीपीच्या दुकानात गेली आणि छपाईआधीची प्रत कमिटीने घरोघर वाटली. अण्णांनी चष्मा पुसला, अनुक्रमणिका उघडली, बोट वरून खाली नेलं. परत वरून खाली नेलं. मग पान उलटून म्हणाले, “दुसऱ्या पानावर आसंल.”

दुसऱ्या पानावर अध्यक्षांचं मनोगत होतं.

आमचं प्रकरण सापडलं ते शेवटी. खतांच्या दुकानांच्या आणि रसवंतीच्या जाहिराती संपल्यावर, ‘परिशिष्ट’ असा मथळा, नंबर नाही. चौथ्या जागी सोसायटी आली होती. मी दुकानात जाऊन विचारलं. ऑपरेटर मान खाली घालून म्हणाला, “कमिटीनं सांगितलं तसं केलं, ताई.” आबांना फोन केला, तर ते थंडपणे म्हणाले, “अगं, ते नंबराचं समदं आपोआप हाय न्हवं? तूच दावलं हुतंस. त्येच्यात गळालं आसंल. आमी काय हात लावला न्हाय.”

माझीच विद्या माझ्याच तोंडावर मारली! एक रात्र नाही, आठवडाभर मला झोप नीट लागली नाही. आजवर गावात आमच्या बाबतीत जे झालं ते सगळं असंच आपोआप झालेलं. नळाची लाइन आमच्या अलीकडे आपोआप संपली. यात्रेच्या कमिटीत आमचं नाव आपोआप राहून गेलं. विचारावं तर हात कुणाचाच नसतो.

पुढच्या बैठकीला मी दुकानातली वर्डची फाइल लॅपटॉपवर घेऊन गेले आणि लॅपटॉप परत टीव्हीला जोडला. एकेका शीर्षकावर कर्सर नेला. वर स्टाइलच्या चौकटीत नाव आलं : हेडिंग वन, हेडिंग वन, हेडिंग वन. आमच्या शीर्षकावर नेला. ‘नॉर्मल’, म्हणजे साधा मजकूर; म्हणून नंबर नाही, अनुक्रमणिकेत नाव नाही. अक्षर हाताने ठळक केलेलं, हाताने मोठं केलेलं, लांबून शीर्षकच वाटावं असं. मी म्हटलं, “आबा, मशीन नंबर आपोआप देतं. काढून घ्यायला माणूस लागतो. आणि मशीन प्रकरण उचलून जाहिरातींच्या मागे नेऊन ठेवत नाही.”

मी शीर्षकाला हेडिंग वन दिलं, प्रकरण ओढून चौथ्या जागी सोडलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खालचे नंबर सरकले.

“आमच्या सोसायटीचं पाच कसं काय झालं?” आबांच्या तोंडून निघून गेलं.

“आपोआप झालं, आबा.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला हसू आलं नाही. आबांनी टोपी सारखी केली. “बरं, ऱ्हाऊ दे तितं. येवढं मनाला लावून घ्याचं न्हाय.” ऱ्हाऊ दे! जणू त्यांच्या पानातली भाकरी काढून आम्हाला वाढली. छापून होईपर्यंत मी रोज कॉलेज सुटलं की त्या दुकानात जाऊन उभी राहत होते, ऑपरेटरला आवडो न आवडो.

पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत मी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी अनुक्रमणिका उघडली. बोट चौथ्या ओळीवर थांबलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. मला वाटलं, आता काहीतरी छान बोलतील.

बोट न उचलता त्यांनी विचारलं, “आता हे परत आपोआप जायाचं न्हाय ना?”