अंगठ्याच्या खुणेपर्यंत पाणी

मामू भिंतीला कान लावायचे. आधी मधल्या बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचे, मग डोक्याचा रुमाल मागं सारून कान गिलाव्याला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी आसपास कुणी बोललं, की न बघताच हात वर करायचे. मी एकदा विचारलं, "काय म्हणते भिंत?"

"भिंत कवा खोटं बोलत न्हाय वकीलसाब," मामू म्हणाले. "म्हनून तर तुमच्या कोर्टात तिला कोन बोलवत न्हाय."

मामू परंड्याचे. चुन्याचे गवंडी. किल्ल्यातल्या हौदांची डागडुजी त्यांच्या आज्या-पणज्यांनी केलेली, असं लोक सांगत. मामू स्वतः सांगत नसत. हौद बांधावा तर मामूंनी, असा लौकिक तुळजापूर-लोहाऱ्यापर्यंत होता. त्यांना एक व्यवस्थित नावही होतं, पण ते फक्त बायको आणि रेशनकार्ड वापरत असावं. बाकी सगळ्या मुलखाचे ते मामू.

आणि मी? मी धाराशिवचा नवा वकील. संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती, कोर्टातली उर्दू हळूहळू निघाली होती, आणि तिच्याबरोबर जुने वकील मागं पडले की त्या जागी आपणच, अशी माझी खात्री होती. अशिलांची मात्र अजून तशी खात्री पटली नव्हती. हैदराबादला शिकत असताना मी एका बड्या वकिलांच्या बंगल्यात पोहण्याचा हौद पाहिला होता. वकीलसाहेब काठावर पाण्यात पाय सोडून बसलेले, आणि अशील उन्हात उभं राहून त्यांचा सल्ला ऐकताहेत. माझ्या मनानं घेतलं, की या माणसाचं मोठेपण त्या हौदात आहे. सासऱ्यांनी घर घ्यायला मदत केली होती, मागं परसात विहीर होती, तेव्हा कायद्याची पुस्तकं नंतर घेऊ, आधी हौद. मला पोहता येत नाही ही अडचण त्या वेळी फार मोठी वाटली नाही.

मामू एस्टीनं आले, परसात तीन फेऱ्या मारल्या आणि लिंबाच्या बुंध्याशी बसले.

"खर्च किती येईल?" मी विचारलं.

"कशाचा? बांधायचा का सांभाळायचा?"

"बांधायचा सांगा. सांभाळायला काय लागतंय!"

मामू म्हणाले, "हौद म्हंजी म्हैस हाय वकीलसाब. घेताना एकदाच पैका लागतो. वैरण मातुर रोजची. शेवाळ काडा, पाला काडा, पानी बदला, बेडकं हाकला. रोज मानूस लागंल. हाय का मानूस?"

"मी आहे की."

"पवता येतं?"

"शिकेन."

मामू उठले. मला उभं केलं, माझ्या छातीला पंजा आडवा लावला आणि बरोबर आणलेल्या मजुराला म्हणाले, "खोली एवडीच." मी रागावलो. मला पुरुषभर तरी खोल हवा होता. हैदराबादचा तसा होता. मामू म्हणाले, "त्या साबांना पवता येत आसंल."

मग चुन्याची घाणी आली. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला एक बैल. तो दिवसभर फिरायचा आणि चाक करकरायचं. चुना कितीतरी दिवस नुसता भिजतच पडला होता. त्यात विटांची पूड पडली, हिरड्याचं पाणी पडलं, बेलफळाचा गर पडला आणि गूळ पडला. गुळाच्या दोन ढेपा गेल्या, तेव्हा कुसुम, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणाली, "घरात चहाला गूळ मोजून, आणि भिंत खाते ढेपेनं! भिंतीचे डोहाळे बघा एकेक!" मामू हसले. "भाबी, भिंतीला आज गोड दिलं की ती उद्या तोंड वासत न्हाय."

मी कंटाळलो. परसातला लिंब तोडून झाला होता, कुसुमचं वाळवणाचं अंगण गेलं होतं, आणि हौदाच्या जागी नुसता खड्डा होता. "मामू, सिमेंट लावा ना. आठ दिवसांत होतं म्हणतात."

"व्हतं की. सिमेट तरण्या मानसावानी. बिगी बिगी घट्ट व्हतं, मग वाकत न्हाय, तडकतं. चुन्याला भेग पडली तर पान्यात राहून आपली आपन शिवतो. फकस्त त्याला तहानलेला ठिवायचा न्हाय."

चहाचा पेला मामू स्वतःच्या पिशवीतून काढत. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही. तसं तर त्या काळी आमच्यासारख्या घरांत कुणीच काही बोलत नसे. चौथ्या दिवशी कुसुमनं तो पेला विसळून आपल्या फडताळात इतर पेल्यांशेजारी ठेवून दिला. मामूंनी पुन्हा मागितला नाही. नवी मोकळीक देणारा शिकलेला माणूस घरात मी होतो, असा माझा समज होता.

शेवटचा हात घोटायचा. त्यासाठी मामूंजवळ एक गुळगुळीत दगड होता, मुठीत मावणारा. तो घेऊन ते किती दिवस हौदात उकिडवे बसले कोण जाणे. शेवटी गिलाव्यात स्वतःचं तोंड दिसेल इतकी झळाळी आली. मग तळापासून वीतभर वर त्यांनी ओल्या चुन्यात उजवा अंगठा दाबला.

"हे बघा वकीलसाब. धुवा, घासा, कायबी करा. या आंगट्याच्या खाली पानी जाऊ द्यायचं न्हाय. उनाळ्यात तर न्हायच न्हाय. हौद कोरडा पडला की मेला."

मी मान हलवली. वकिलाची मान, ती कशालाही हलते.

म्हशीची गोष्ट खरी निघाली. आमचा लिंब गेला तरी शेजाऱ्यांचा होता, त्याचा पाला नेमका आमच्याकडं. हिरवं शेवाळ, त्यात घसरून माझं पहिलं जाहीर स्नान. डासांसाठी मासे सोडले, माशांसाठी बगळे आले. महिनाभर मी रोज रहाटाला हात लावला, मग ते काम गड्यावर गेलं, मग कुसुमवर. मी छातीभर पाण्यात उभा राहून कायद्याची कलमं पाठ करीत असे आणि त्याला पोहणं म्हणत असे. दर दोन-तीन महिन्यांनी मामू न बोलावता यायचे. हौदाच्या चारी भिंतींना ठोकून ऐकायचे, अंगठा पाण्याखाली आहे ना हे बघायचे, कुसुमच्या हातचा चहा घ्यायचे आणि जायचे. एस्टीचं भाडंही घेत नसत.

तिसऱ्या वर्षी लोहाऱ्याकडच्या एका गावचे पाटील माझ्याकडं आले. बांधाचा मोठा दावा होता. माझ्या वकिलीतला पहिला जाडजूड कागदांचा गठ्ठा. बोलता बोलता म्हणाले, गावाला पिण्याच्या पाण्याचा हौद बांधायचाय, सगळं गाव पाणी भरेल असा. मी मामूंचं नाव सांगितलं. पाटील म्हणाले, "तुमचा हौद बघतो, मग ठरवू." मी मामूंना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर कुणाकडून तरी लिहून आलं: आयुष्यात एक काम गावासाठी करावं अशी इच्छा आहे, ते तुमच्यामुळं होईल.

पाटलांना हौद नुसता दाखवून चालणार नव्हतं, तो झळकला पाहिजे होता. मी ठरवलं, पूर्ण उपसायचा आणि तळ घासून काढायचा. वैशाख चालू होता.

कुसुम म्हणाली, "अहो, मामूंनी काय सांगितलंय?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तळ घासून झाला आणि पाटलांचा निरोप आला, भाचीचं लग्न निघालंय, आठवडा उशीर होईल. आता आधीच भरला तर पुन्हा हिरवा होणार. विहीरही खाली गेली होती. मी म्हटलं, राहू दे. कुसुमनं एकदा ओली पोती आणून पसरली. ती वाईट दिसतात म्हणून मी काढली. नऊ दिवस हौद उन्हात उताणा पडून होता. पाटील येण्याच्या आदल्या दिवशी दोन माणसं लावून तो भरून घेतला. सकाळी मामू परंड्याहून आले, पाटील आपल्या गावाहून आले, मी दोघांना घेऊन परसात गेलो, आणि छातीभर पाणी गुडघ्याला आलेलं होतं.

मामू सदऱ्यासकट हौदात उतरले. ठोकलं, कान लावला. भिंतीवर केसासारख्या रेघांची जाळी उठली होती, तिच्यावरून बोट फिरवलं. मग तिथूनच वर बघून मला विचारलं, "वकीलसाब, हौद कवा रिकामा केलता का?"

पाटील माझ्याकडं बघत होते. त्यांचा कागदांचा गठ्ठा घरात माझ्या मेजावर होता. सांगितली गोष्ट नऊ दिवस न पाळणारा वकील बांधाचा दावा काय सांभाळणार, हे त्यांच्या तोंडावर उमटेल असं मला वाटलं.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

दारात कुसुम चहा घेऊन उभी होती. ती चहा तसाच घेऊन आत वळली.

मामूंनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, "मग माजाच हात चुकला आसंल."

पाटील वाईट माणूस नव्हता. जाताना एवढंच म्हणाला, "घराचं पानी राखता आलं न्हाई, त्याला गावाचं कसं द्यावं?" गावानं पुढं सिमेंटचा हौद बांधला. मामू मात्र आमच्याकडं राहिले. स्वतःच्या पैशानं चुना आणला, गूळ आणला, आणि उन्हाळा संपेपर्यंत आमचा हौद पुन्हा केला, अंगठाही पुन्हा त्याच जागी दाबला. मी पैसे पुढं केले तर म्हणाले, "चूक माजी, पैका तुमचा का?" कुसुम त्या दिवसांत माझ्याशी फारसं बोलली नाही. एकदाच म्हणाली, "भिंतीला गूळ पाजलात. वर खोटंही पाजलंत."

मामूंच्या हौदातून पाणी गेलं, ही बातमी त्यांच्या आधी एस्टीनं सगळीकडं पोचली. नंतर त्यांना हौदाचं काम आलं नाही. ते घरांचे ओटे करत, चुली लिंपत, पोळ्याला भिंती रंगवत. आमच्याकडं यायचे थांबले. पाटलांचा दावा मी जिंकलो. लोक मला नावाजलेला वकील म्हणू लागले. हौद भरलेला असायचा, पण मी त्यात उतरेनासा झालो. पाण्याखाली तो अंगठा दिसायचा.

मला परंड्याला जायला सहा वर्षं लागली. तेवढ्या वेळात एस्टी हजारो वेळा गेली-आली असेल. शेवटी कुसुमनं पिशवीत तोच पेला घातला आणि म्हणाली, "हा त्यांचा त्यांना द्या. नाहीतर खरं सांगून परत आणा."

मामू ओट्यावर बसले होते. खूप वाळले होते. त्यांचा मुलगा सलीम म्हणाला, "अब्बांना ऐकू कमी येतंय हल्ली." मी जवळ बसलो आणि घरून घोकून आणलेलं हळू आवाजात सांगितलं, की हौद मी रिकामा केला होता.

मामूंनी कानामागं हात धरला. "आं?"

मी जरा मोठ्यानं सांगितलं.

"जोरात बोला वकीलसाब. कान गेले."

समोरचा शिंपी मशीन थांबवून बघू लागला. नळावरच्या बाया वळल्या. कोर्टात माझा आवाज खणखणीत समजला जाई. त्या गल्लीत मी तो सगळा लावला. "हौद मी रिकामा केला होता! नऊ दिवस! वैशाखात! तुमचा हात चुकला नव्हता! मी खोटं बोललो!"

शिंपी ओट्यापर्यंत आला होता. मामूंनी हात कानामागून काढला आणि मांडीवर ठेवला.

"जाळी उनाची व्हती," ते म्हणाले. "हात लावला तवाच कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी ओरडूनच विचारलं.

"तवा तुमी वला चुना व्हता. वल्या चुन्यावर कोन ठोकतं का? सगळंच खाली येतं."

पेला मी तसाच पिशवीत ठेवला. मामूंनी सलीमला हाक मारून चहा सांगितला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वकीलसाब लांबून आलेत." तेवढंच. चहा होईपर्यंत शिंप्यानं ती गोष्ट बाजारापर्यंत नेली असणार; नेताना त्याची चाल मी पाहिली.

निघताना मामू आत जाऊन पडले होते. मी बाहेर चप्पल घालत सलीमला अगदी हळू, कुजबुजल्यासारखं म्हटलं, "औषधाला काही लागलं तर कळव. मी पुन्हा येईन."

आतून, दोन भिंतींपलीकडून मामूंचा आवाज आला, "येताना हौद भरून या. आंगट्यापतूर न्हाय, काठापतूर."

सलीमनं मान खाली घातली. हसू दाबत होता. आयुष्यभर भिंतीतली पोकळी ऐकणारा तो कान, तो कुठं जाणार होता! माझं खोटं चारजणांत होतं. माझं खरं त्यांनी भर गल्लीत काढून घेतलं, तेही मी आपल्या पायानं आल्यावर, सहा वर्षं थांबून.

पुन्हा गेलो तो पुढच्या थंडीत, मामू गेल्याचं सलीमचं कार्ड आल्यावर. जाण्याआधी रहाटाला स्वतः हात लावला आणि हौद काठापर्यंत भरला. तळहाताला फोड आले, वकिलाला येतात तसे. सलीमनं मला तो घोटायचा दगड दिला. म्हणाला, "अब्बा म्हनले, वकीलसाबला द्या. त्यांना अजून घोटाई लागंल."

लोक आत बसले होते. ओट्यावर कुणी नव्हतं. मामू ज्या भिंतीला टेकून बसायचे तिला मी दोनदा ठोकलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "मामू, हौद भरलाय."

हळूच सांगितलं. त्यांना हळू बोललेलं ऐकू यायचं.