मंगळसूत्राची एक वाटी

माझी भावजय विभावरी जबलपूरच्या एका हॉस्पिटलात काचपट्ट्या करायची. रोग्याच्या शरीराचा तुकडा पापुद्र्यासारखा कापायचा, रंगवायचा, डॉक्टरांपुढे ठेवायचा. घरी मात्र तिची ओळख एकच, वाईट पायगुणाची. लग्नाला सहा महिने होत नाहीत तोच माझ्या धाकट्या भावाला, अच्युतला, फिट्स येऊ लागल्या होत्या. आई उठता-बसता तिचा पायगुण काढायची. मीही कमी नव्हते, खोटं काहून बोलू?

एकाहत्तरच्या लढाईत अच्युत तोफगोळ्यांच्या कारखान्यात डबल शिफ्ट करत होता. झोप नाही, औषधाला वेळ नाही. डिसेंबरात कामावरच फिट आली अन् तो गेला. लग्नाला तीन वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा तुकडा तपासायला ठेवला. तेराव्यानंतर वहिनी कामावर गेली आणि म्हणाली, ही पट्टी मीच करीन. मी सोबतीला जात होते. मनात म्हटलं, बाई आहे की दगड! मेंदूची पट्टी रंगवायला विरघळवलेल्या सोन्याचं पाणी लागतं, ते लढाईमुळे मिळेना. तिनं मंगळसूत्राची एक वाटी तेजाबात टाकली. ती विरघळताना आम्ही दोघी बघत होतो. मला काहीच वाटलं नाही.

चार दिवसांनी तिनं मला भिंगातून दाखवलं. जांभळ्या, चांदणीसारख्या पेशी, नुसती दाटी. रेडिओवरच्या बातम्या द्याव्यात तशी ती सांगत होती. या ग्लिया पेशी. मेंदूतल्या नसा काम करताना जे क्षार सांडतात ते या टिपतात, म्हणून नसा शांत राहतात. मार बसला की यांचाच घट्ट वण होतो. मग टिपणं होत नाही, असं आता डॉक्टर म्हणून राहिले, आणि शेजारच्या नसा एकदम भडकतात. तीच फिट.

"हा वण तीन वर्षांचा नाही, वन्सं. डॉक्टर म्हणाले, लहानपणीचा आहे. कधी पडले होते का ते?"

भेडाघाटच्या पायऱ्या. मी दहा वर्षांची, तो माझ्या कडेवर. घरी मी सांगितलं होतं, आपणच धावताना पडला.

"माझ्या हातून पडला," मी म्हटलं.

तिनं पट्टी डबीत ठेवली. "आईंना सांगाल?"

"सांगते."

आई त्यानंतर चार वर्षं जगली. शेवटचे आठ महिने अंथरुणात होती आणि वहिनीनंच तिचं सगळं केलं. तिच्या हातचं पाणी पितानाही आई पायगुण काढायची. मी उशाशी बसलेली असायचे. वहिनी एकदा माझ्याकडे बघायची आणि फुलपात्र विसळायला घेऊन जायची. लाज वाटायची सुरुवातीला, मग तीही वाटेनाशी झाली. मी सांगितलं नाही.