साडूंची हिरवी बाटली

जालना जिल्ह्यात माझ्या साडूंइतका सज्जन माणूस नसेल, आणि त्यांच्याइतका डोक्याला ताप देणारा तर नक्कीच नाही. अंबडच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर समोर वर्ग उरला नाही, तेव्हा त्यांनी नातेवाईक धरले. विषय एकच, वडीगोद्रीला त्यांच्या शेतात गुरांचा हौद आहे त्यातलं हिरवं पाणी. त्याला कुणी शेवाळ म्हटलं की संपलंच. "शेवाळ न्हाई हो, जीवाणू हैत ते!" म्हणून जे सुरू होतात, ते समोरच्याचा चहा गार झाला तरी थांबत नाहीत. बऱ्याच जीवाणूंत म्हणे गुणसूत्र एकच असतं, पण या हिरव्या पठ्ठ्यांच्या एकेका पेशीत त्याच गुणसूत्राच्या, म्हणजे एकाच मजकुराच्या, चार-सहा प्रती. पेशी जितकी लांब, तितक्या प्रती जास्त. हे त्यांनी मला लग्नाच्या भर पंगतीत, माझ्या पोटाकडे बघत समजावलं. "तुमचं मात्र नुसतंच वाढून राह्यलं, साडूभाऊ." मी हातातला लाडू मुकाट्यानं पानात ठेवला.

राजूरच्या गणपतीला तर त्यांनी कहर केला. चतुर्थीची गर्दी, पाय मोडेपर्यंत उभं राहून आम्ही कसेबसे गाभाऱ्याच्या दाराशी पोचलो. आत एका वेळी एक-दोघांनाच सोडत होते. ते पाहून साडू दारातच खिळले. "बराबर असंच! पेशी सगळ्या प्रतींची नक्कल एकदम सुरू करत न्हाई. एक-दोन प्रतींची चालू असते, बाकीच्या गपचिप थांबतात. पर पहिला नंबर कुणाचा, हे ठरवतं कोण?" मागून एक आजोबा ओरडले, "ते मंग बघू गुरुजी, आधी पुढं सरका!" मला साडूंच्या खांद्यावरून बाप्पाचं दर्शन झालं ते जेमतेम सोंडेपुरतं. पहिला नंबर कुणाचा, या एका प्रश्नापायी त्यांनी स्वतःच्या पैशानं सूक्ष्मदर्शक घेतला होता आणि माझ्या मेहुणीनं तो ठेवलेल्या टेबलावर पापड वाळवायची आशा कायमची सोडली होती.

गेल्या पोळ्याला त्यांच्या पुतण्यानं बैलांच्या कौतुकापोटी हौद घासून लख्ख केला आणि आतून चुना मारला. हिरव्या पाण्याचं मूळच गेलं. साडूंना जेवण जाईना. नशीब, त्याआधीच त्यातलं थोडं बाटलीत भरून, वर कापसाचं बूच लावून, स्वतःच्या घरात पुरेसा उजेड नाही म्हणून, ते माझ्या वाटूरच्या घरी, उजेडाच्या खिडकीत ठेवून गेले होते. त्या बाटलीपायी माझा दाढीचा आरसा न्हाणीघरात गेला. अधूनमधून साडू एसटीनं येत, थोडं हिरवं पाणी ताज्या पाण्याच्या नव्या बाटलीत ओतत आणि व्याख्यान सुरू करत. मी पेपर उघडून हूं हूं करत बसायचो.

मग एके सकाळी त्यांच्या छातीत दुखलं. जालन्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तर नाकात नळी असताना म्हणतात काय, "कुणाकडची तरी बाटली आणा, जल्दी. लई दिवस झाले, आता न्हाई बदललं तर मरतील ते."

"कुणाकडची म्हणजे?"

तेव्हा मला कळलं की बाटल्या मेहुण्याकडे, मावशीकडे, चुलतभावाकडे, सगळीकडेच होत्या. मी बाहेर येऊन एकेकाला फोन लावले. सगळ्यांनी दिवाळीच्या साफसफाईत ते पाणी मोरीत ओतलं होतं, आणि सगळ्यांचं उत्तर तेच. मेहुणा म्हणाला, "दाजीच म्हनले व्हते ना, एकाच मजकुराच्या लई प्रती हैत म्हणून! मला वाटलं, एक गेली तर काय बिघडतं, बाकीच्यांकडं हैच की." त्यांचं व्याख्यान मन लावून ऐकणाऱ्या प्रत्येकानं बाटली घालवली होती. मी कधी धड ऐकलंच नव्हतं. म्हणून ती जगातली एकमेव बाटली समजून, शिव्या देत का होईना, मी दिवाळीतही खिडकीला कुणाला हात लावू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती बाटली मांडीवर धरून मी वाटूरहून जालन्याला नेली. साडूंनी ती उजेडात धरली. त्यांचे डोळे भरून आले. कुणाकुणाची गेली ते मी सांगितलं, माझी का राहिली तेही सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण छाती दाबून हसत सुटले. नर्सबाई धावत आल्या. मी स्टूल ओढलं आणि म्हणालो, "आता सांगा, पहिल्यापासून." त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात नर्सबाई माझ्यावरच खेकसल्या, "पेशंटला बोलायला लावू नका बिलकुल!"

आता ते घरी आहेत. बोललं की दम लागतो, म्हणून डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय. जन्मात कधी कुणाचं न ऐकणाऱ्या आमच्या साडूंनी नेमकं हेच ऐकलं. पाणी बदलायला हल्ली मीच बाटली घेऊन अंबडला जातो. ते खुणेनं दाखवतात, मी ओततो. घर इतकं शांत असतं की मला तिथं बसवत नाही. परवा बाटली टेबलावर ठेवताना मी मुद्दाम, मोठ्यानं म्हणालो, "हे घ्या तुमचं शेवाळ!"

ते नुसतं हसले.