साल निघाली तेव्हा मी गुडघ्यावर होते

हे मी लिहिणारच नव्हते. चूक माझी होती, आणि आपली फजिती आपणच कशाला गावभर करायची? पण काल टीव्हीवर जाजा सेबोवांचा भाग लागला आणि तेव्हापासून सगळे एकच विचारतायत, झाडाची साल निघते कशी ते का नाही दाखवलं. तर ऐका.

जाजा मसाका शहराच्या अलीकडे राहतात. माझे सख्खे आजोबा नाहीत, पण त्या वयाच्या माणसाला आम्ही जाजाच म्हणतो. मुटुबाच्या झाडाची साल काढायची आणि लाकडी हातोड्यांनी कुटून कुटून तिचं चादरीएवढं कापड करायचं, हे त्यांचं काम. राज्याभिषेकाला हेच कापड लागतं, मयतालाही हेच. म्हणून आमच्या वाहिनीच्या जुन्या कारागिरीच्या मालिकेत त्यांच्यावर एक भाग ठरला. ऐन वेळी कॅमेरामन आजारी पडला आणि कॅमेरा माझ्या खांद्यावर आला. मी कॉलेजातून नुसती शिकायला गेलेली.

आमच्याकडे कुळांना प्राण्यांची नावं असतात. पोचल्या पोचल्या जाजांनी विचारलं, "कूळ कुठलं?"

"मासा."

"आम्ही पाणमांजर. जरा लांब उभी राहा गं मासळे, सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

"आधी दात किती उरलेत ते मोजा," आतून त्यांची बायको म्हणाली. जुळ्यांची आई म्हणून तिला सगळे नालोंगो म्हणतात.

जाजा शिडीवर चढले. वर एक काप, खाली एक काप, मधे एक उभी चीर. मग केळीच्या खांबाची पाचर सालीखाली हळूहळू सरकवत गेले आणि अख्खी साल एका तुकड्यात सुटायला लागली. नेमकं तेव्हाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दमलीस गं पोरी, शाबास तुझी."

मोठ्या माणसानं असं म्हटलं की आमच्याकडे पोरी गुडघे टेकतात. मी टेकले. कॅमेऱ्यासकट. उठेपर्यंत अख्खी साल उतरली होती.

आमच्या दिग्दर्शिका नाकायिझा मॅडमनी चित्रण बघितलं. "हे काय आहे?"

"गवत."

"गवताचा इतिहास दाखवायचाय का आपल्याला?"

मला रडूच फुटलं. मॅडम जाजांकडे वळल्या. "ते पलीकडचं झाड सोलू या ना. साल निघताना दिसली नाही तर हा भाग होणारच नाही. मला दुसरा कारागीर शोधावा लागेल."

आपण टीव्हीवर येणार हे जाजांनी अख्ख्या गावाला सांगितलं होतं. नालोंगोनं त्यांचा पांढरा झगा इस्त्री करून ठेवला होता.

"ते झाड अजून भरलं नाही," जाजा म्हणाले. "वर्षाला एकदाच साल देतं. दोन महिने आहेत अजून."

"एकदाच, जाजा."

"बाई, बाळंतिणीला कोणी म्हणतं का, पुन्हा एकदा दाखव?"

"मग हीच साल झाडाला गुंडाळा आणि काढल्यासारखं करा."

"साठ वर्षं माझ्याशी खोटं बोलतायत," नालोंगो म्हणाली, "टीव्हीशी बोलायला काय होतंय?"

जाजा हसले, पण मान हलवली. "झाड उघडं पडलंय. आधी त्याला पांघरूण घालतो."

मॅडमनी गाडीची किल्ली काढली. जाजा खोडाला केळीची पानं गुंडाळायला लागले. दोन हात पुरेनात. "ते टोक धरा हो," ते मॅडमना म्हणाले. जाजांना नाही कोण म्हणणार? मॅडमनी किल्ली दातांत धरली आणि पान पकडलं. मी कोणाला न विचारता कॅमेरा चालू केला.

बांधता बांधता ते बोलत होते. हे झाड त्यांच्या वडलांनी लावलेलं. मधली काही वर्षं सरकारनं राजेपदच बंद केलं, राजे गेले, तेव्हा हे कापड कोणी विचारेना. "पण साल दरवर्षी काढली. राजे गेले म्हणून लोक मरायचे थोडेच थांबतात?" मॅडम हसल्या आणि किल्ली गवतात पडली. ती सापडेपर्यंत जाजांनी अजून दोन गोष्टी सांगितल्या.

काल तुम्ही बघितलंत ते हेच.

साल निघतानाचं मात्र कुठेच नाही, आणि खोटं करून जाजा ते कधी दाखवणार नाहीत. पलीकडचं झाड पुढच्या महिन्यात भरतंय. जाजा त्र्याऐंशीचे आहेत, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर दोनदा दम खायला थांबले होते. तेव्हा पुढच्या वर्षी बघू असं म्हणू नका. याच खेपेला जा आणि भेटा त्यांना.