वेशीवरचा लांडगा

मास्तरांच्या आल्टरेशनच्या दुकानात कोणाचाही अपमान होत नसे. गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असलं तरी मास्तर "कापड आटलंय हो" म्हणत आणि कंबर दोन बोटं सैल करून देत. पण कॉम्प्युटरसमोर बसले की हाच देवमाणूस कर्दनकाळ होई.

वीस वर्षं ते एकच गेम खेळत होते. त्यात एक पात्र घ्यायचं, त्याला ताकद, अक्कल, चपळाई यांचे गुण वाटून द्यायचे आणि एका अफाट मुलखात हिंडायचं. हिंडायचं कसलं! पहिल्याच वेशीवर लांडगा. गुणांची वाटणी जरा चुकली की तो खाई. मास्तरांना त्यानं सतरा वेळा खाल्लं होतं, आणि लोक पदवी सांगतात त्या सुरात ते हा आकडा सांगत.

आता नवी आवृत्ती आली आणि तिच्यात 'सोपं' नावाचं बटण निघालं. ते दाबलं की लांडगा शेपूट हलवत बाजूला होई. चाहत्यांच्या ग्रुपवर रणधुमाळी माजली.

"उद्या गेम स्वतःच खेळेल, आपण टाळ्या वाजवायच्या!"

"नव्या लोकांनाही येऊ द्या की."

"तुम्हाला लांडग्यानं किती वेळा खाल्लं?"

"चार."

"मग बोलू नका."

बटण ठेवायचं की काढायचं, यावर कंपनीनं चाहत्यांची मतं मागवली होती. ग्रुपचे अध्यक्ष म्हणून निवेदन लिहायचं काम मास्तरांकडे आलं. दुपारी कात्री बाजूला सारून ते 'बटण तात्काळ हटवा' इथवर आले होते. समोर त्यांची थोरली बहीण, अक्का, एका कोटाला काजं करत होती.

"काय रे," ती म्हणाली, "तो आंधळा नावाडी विचारतो ना, 'मागे कोण आहे तुझं?' त्याला तू काय उत्तर दिलंस?"

मास्तरांचं पेन थांबलं. "तुला नावाडी कुठे भेटला?"

"वेशीपलीकडे, तळ्याकाठी. चार दिवस खेळतेय मी. दुपारी तुझा डोळा लागला की."

"आणि लांडगा?"

"गेला बाजूला. गुणी आहे हो!"

"अक्का! सोपं बटण दाबलंस?"

"मग? मागे तू जुना गेम लावून दिलास तेव्हा अकरा वेळा खाल्लं मेल्यानं. गिऱ्हाइकाला कधी म्हणालास का, आधी बारीक होऊन या, मग पँट मिळेल?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

मास्तरांनी गाडी नावाड्यावर आणली. "नावाड्याला मी सांगितलं, मागे कोणीच नाही माझं," ते पुटपुटले. "त्या उत्तराला चपळाईचे दोन गुण मिळतात."

"दोन गुणांसाठी खोटं बोललास? मी तर त्याला सगळं घरचं सांगितलं."

वीस वर्षांत त्या घरात नावाड्याची चौकशी कोणी केली नव्हती. मास्तर बोलू लागले ते थांबेचनात. तळं झालं, पडका किल्ला झाला, राणीचं कपट झालं. कोट न्यायला आलेली बाई स्टुलावर टेकून ऐकत राहिली आणि राणीला तिनंही दोन शिव्या दिल्या.

मग मास्तरांनी निवेदनाकडे पाहिलं. बटण गेलं की अक्का पुन्हा वेशीबाहेर. त्यांनी कागद फाडला आणि नवा घेतला: 'कठीण आम्हाला राहू द्या, सोपं अक्काला राहू द्या.'

निवेदन ग्रुपवर टाकताच पहिला प्रश्न आला, "मास्तर, ही अक्का कोण?" मग प्रश्न संपले आणि ठणाणा सुरू झाला. संध्याकाळपर्यंत अध्यक्षपद लांडग्यानं एकवीस वेळा खाल्लेल्या एका गृहस्थांकडे गेलं. मास्तरांना ते लागलं. त्या दिवशी त्यांनी विजारीचा एकच पाय दोनदा आखूड केला. तरी निवेदन त्यांनी एकट्याच्या सहीनं पाठवलं.

कंपनीनं बटण ठेवलं. ती बातमी आली तेव्हा अक्का पडक्या किल्ल्यात दोन वाटांपाशी अडली होती आणि मास्तर तिच्या खुर्चीमागे घुटमळत होते.

"डावी—"

"चूप! सांगितलंस तर बघ. माझं मी शोधीन."

मास्तरांनी चार टाचण्या ओठांत धरल्या, म्हणजे तोंड उघडायलाच नको. मग अक्का सरळ चुकीच्या वाटेनं निघालेली ते पाहत उभे राहिले.