विवरातल्या तळ्यावर सासूबाई
ओल्या पाइनचा वास आला की मला जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातलं ते गोल तळं आठवतं, कधीच्या काळी विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं. सासरे गेल्यावर सासूबाई कायझर्सलाउटर्नला आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या फारसं बोलत नसत, म्हणून एका उन्हाळी सकाळी आम्ही त्यांना तिकडे नेलं. पाण्यावर धुकं तरंगत होतं आणि पोहणारी माणसं अलगद त्यात विरून जात होती. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या, मग चपला काढून पंजाबी ड्रेससकट पाण्यात उतरल्या. "अहो आई, खोल आहे!" मी ओरडले, तोवर त्या हात मारत पुढे गेल्या आणि त्यांचा पांढरा अंबाडा धुक्यात दिसेनासा झाला. घाबरलेला नवरा पाण्यात शिरणार, एवढ्यात त्या हसत परत येताना दिसल्या. टॉवेल गुंडाळून बसल्यावर म्हणाल्या, "लहानपणी नदीत पोहायचे गं मी. पण ह्यांना पाण्याची फार भीती वाटायची. लग्नानंतर काठावरच थांबले." नवऱ्याला हे माहीतच नव्हतं. तो आईचे केस पुसत राहिला. आता त्या पुण्यात असतात, आणि सकाळी फोन केला की आधी पोहण्याच्या टँकवरचा गलका ऐकू येतो.